ओळ ६५५३५ वर बिघडलंय तरी काय? एका ओनिक्स फीडचं प्रकरण

पुस्तकांची माहिती प्रकाशकांकडून गोळा करून ती विक्रेत्यांना आणि ग्रंथालयांना पुरवणारी एक संस्था. प्रकाशक रोज रात्री फाइल पाठवतात, सकाळपर्यंत ती तपासून कॅटलॉगमध्ये गेलेली असते. फाइलचा साचा ओनिक्सचा. पुस्तक व्यवसायात माहितीच्या देवाणघेवाणीसाठी हा एक्सएमएल साचा अनेक देशांत चालतो. एक्सएमएल म्हणजे माहितीचा प्रत्येक तुकडा सुरुवातीच्या आणि बंद होणाऱ्या टॅगांमध्ये लिहिण्याची पद्धत; टॅगांसकट असा तुकडा म्हणजे एलिमेंट. लंडनची एडिट्यूर ही संस्था तो सांभाळते, त्याची ३.० ही आवृत्ती २००९ साली आली. वर एक हेडर, मग प्रत्येक पुस्तकाचं एक ‘प्रॉडक्ट’. मोठ्या प्रकाशकाच्या पूर्ण फाइलमध्ये असे हजारो प्रॉडक्ट आणि लाखो ओळी सहज असतात.

तपासणीत नापास झालेलं प्रॉडक्ट बाजूला काढायचं, बाकीची आत घ्यायची आणि प्रकाशकाला चुकांची यादी ईमेलने पाठवायची, अशी रीत. रीत ठीक होती. तक्रार यादीबद्दल होती. एका प्रकाशकाला आलेल्या ईमेलमध्ये किमतीची चूक, तारखेची चूक, लेखकाच्या भूमिकेच्या कोडची चूक अशा बऱ्याच नोंदी होत्या आणि प्रत्येकीसमोर एकच ओळ छापलेली: ६५५३५. तिथल्या माणसाने फाइल उघडून ती ओळ पाहिली. तिथे एका विषय-कोडचा बंद होणारा टॅग होता, अगदी धडधाकट. ‘आमच्याकडे काही चूक दिसत नाही’ असं उत्तर आलं, संस्थेने तीच यादी पुन्हा पाठवली, आणि ती पुस्तकं कॅटलॉगबाहेरच राहिली. मी यात आलो तो या टप्प्यावर, तपासणीची यंत्रणा बघून सल्ला द्यायला.

सोळा बिटांची गोष्ट

६५५३५ हा आकडा पाहिल्यावर प्रोग्रामरच्या डोक्यात घंटा वाजते: सोळा बिटांत मावणारी सगळ्यांत मोठी संख्या. तपासणी पायथनमध्ये होती आणि तिच्या पोटात लिबएक्सएमएल२ ही एक्सएमएल वाचणारी लायब्ररी. ती फाइल वाचून मेमरीत झाड उभं करते आणि प्रत्येक नोडसोबत, म्हणजे झाडातल्या प्रत्येक घटकासोबत, त्याची ओळ ठेवते. मेमरी वाचवण्यासाठी त्या ओळीला फक्त सोळा बिटांची जागा दिली आहे. त्यापुढच्या सगळ्या ओळी मग ६५५३५ वरच अडकतात. मोठ्या ओळ क्रमांकांसाठी पार्सरला, म्हणजे फाइल वाचणाऱ्या भागाला, वेगळा पर्याय देता येतो. तो दिला की खरा क्रमांक मजकुराच्या नोडमध्ये साठवला जातो, आणि एलिमेंटची ओळ विचारली की शेजारपाजारच्या मजकुरावरून ती काढली जाते. टॅगांमध्ये रिकाम्या जागा आणि नव्या ओळी असलेल्या फाइलींत हे बरं चालतं.

पण संस्थेतल्या टीमने त्याआधीच दुसरा उपाय करून ठेवला होता, आणि त्याने गोंधळ वाढला होता. काही प्रकाशकांच्या फाइली सलग एका ओळीत येत. तिथे प्रत्येक चूक ‘ओळ १’ वर दिसे, आणि लिबएक्सएमएल२ स्कीमाच्या (फाइलची रचना कशी हवी ते सांगणाऱ्या नियमांच्या) चुकांसोबत कॉलम देत नाही, तिथे शून्य असतो. म्हणून टीमने काय केलं, तर आलेली प्रत्येक फाइल आधी नीट ओळी पाडून मांडून घ्यायची आणि मग तपासायची. आकडे छान येऊ लागले, फक्त ते ज्या फाइलचे होते ती फाइल प्रकाशकाकडे नव्हतीच. ज्याच्या हातात मूळ एकओळी फाइल आहे, त्याला ‘ओळ ४८२१३’ सांगून काय उपयोग?

दिलेला क्रमांक कुठल्या फाइलचा आहे, हे यादीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. सॅक्स या एक्सएमएल प्रवाहासारखं वाचण्याच्या पद्धतीत जागा सांगणारा लोकेटर असतो. त्यात ओळ आणि कॉलमइतकंच सिस्टम आयडीलाही, म्हणजे फाइलच्या पत्त्यालाही, स्थान आहे ते याचसाठी. दुसऱ्या फाइलींतून (बाहेरच्या एंटिटी किंवा एक्सइन्क्लूडने) जोडलेले तुकडे असतील, तर ओळ बारा ही तीन फाइलींत तीन ठिकाणी असू शकते. इथे तुकडे नव्हते. एकाच फाइलची दोन रूपं होती आणि दोघांना एकच नाव होतं.

यादी वाचतं कोण?

तांत्रिक दुरुस्तीत उतरण्याआधी मी यादी मिळणाऱ्या काही जणांशी बोलायचं ठरवलं, आणि माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यांत कामाचं काम तेच ठरलं. मोठ्या प्रकाशकांकडे एक्सएमएल वाचू शकणारा माणूस असतो. त्याला ओळ, कॉलम दिलं की झालं. पण बहुतेक ठिकाणी यादी वाचणारी व्यक्ती संपादकीय किंवा विक्री विभागातली असते. ती एका सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म भरते, ‘एक्सपोर्ट’चं बटण दाबते, आणि एक्सएमएल तिने कधी उघडलेलंच नसतं. तिच्या दृष्टीने चूक कुठे आहे म्हणजे कुठलं पुस्तक आणि फॉर्ममधली कुठली चौकट. चूक असलेली ओळ बिनचूक दिली, तरी ती ओळ तिच्या जगात अस्तित्वात नाही. शिवाय फाइल दुरुस्त करून भागत नाही, मूळ डेटाबेसमध्ये दुरुस्ती व्हायला हवी. नाहीतर रात्री तीच चूक पुन्हा येते.

ओनिक्सने यासाठी सोय आधीच करून ठेवली आहे. प्रत्येक प्रॉडक्टमधलं पहिलं एलिमेंट ‘रेकॉर्डरेफरन्स’ असतं. ते सक्तीचं आहे, पाठवणाऱ्यानेच दिलेलं असतं, आणि एका पुस्तकासाठी कायम तेच राहायचं असतं. म्हणजे प्रकाशकाच्या स्वतःच्या सिस्टममधली किल्ली फाइलमध्येच होती. जुन्या यादीत ती एकदाही छापलेली नव्हती, कारण व्हॅलिडेटर, म्हणजे स्कीमा लावून तपासणारा प्रोग्राम, ती आपणहून देत नाही. त्याला रेकॉर्ड ही कल्पनाच ठाऊक नसते; त्याच्यासाठी सगळी एलिमेंट सारखीच.

चूक जिथे झाली आणि जिथे लक्षात आली

फाइलचं रूपांतर करणारी संस्थेची सेवा आधीपासून जावामध्ये होती. त्यामुळे तपासणीही तिकडे, अपाची झर्सेस या जावातल्या एक्सएमएल लायब्ररीवर हलवायचं ठरलं. निव्वळ ओळ क्रमांकासाठी मी भाषा बदलायला सांगितलं नसतं, पण इथे रस्ता तयार होता. पहिला प्रयोग झाला तो डॉमचं झाड (अख्ख्या फाइलचं मेमरीतलं रूप) बांधून त्यावर तपासणी करण्याचा. त्यात प्रत्येक चुकीची ओळ उणे एक आली आणि कॉलमही उणे एक. यात नवल नाही: डॉमच्या झाडात ओळी नसतातच, आणि माहिती नसेल तर उणे एक द्यायचं हा सॅक्सचा संकेत आहे. तीच फाइल प्रवाहासारखी वाचत तपासली की ओळ आणि कॉलम दोन्ही मिळतात. एरर हँडलर (चुका टिपून घेणारा भाग) स्वतः द्यायला मात्र विसरू नये; न दिल्यास जावाचा व्हॅलिडेटर पहिल्याच चुकीला काम थांबवतो.

मिळालेली जागा तरी कशाची? सॅक्सचा लोकेटर सांगतो ती घटना संपल्याची जागा. सुरुवातीच्या टॅगची घटना त्याच्या शेवटच्या कंसाशी संपते. टॅगमध्ये पाच अॅट्रिब्यूट (टॅगच्या आतच लिहिलेली नाव-मूल्य जोडी) पाच ओळींवर लिहिले असतील आणि दुसरा चुकला असेल, तरी ओळ पाचवी दिसते. आतल्या मजकुराचा प्रकार तपासायचा तर मजकूर पूर्ण वाचून व्हावा लागतो. म्हणून किंमत चुकली की जागा दिसते ती बंद होणाऱ्या टॅगनंतरची. किंमत एका ओळीत मावते, तिथे फरक पडत नाही. पुस्तकाची चार परिच्छेदांची जाहिरात असेल, तर चूक वर आणि बोट खाली. सॅक्सचं दस्तऐवजीकरणही हे आकडे निदानासाठीचा अंदाज म्हणूनच देतं, नेमकी खूण म्हणून नाही. बरेच जण ते वाचत नाहीत.

या अंतराचं सगळ्यांत टोकाचं रूप स्कीमा लिहिण्याच्या भाषेतल्या, एक्सएसडीतल्या, ‘कीरेफ’ या नियमात दिसतं. एका ठिकाणचा संदर्भ दुसरीकडे खरंच आहे का, हे अख्खी फाइल वाचल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे झर्सेस ही चूक तो नियम ज्या एलिमेंटवर लावला आहे, ते बंद होताना सांगतो. नियम मुळाच्या एलिमेंटवर असेल तर फाइलच्या शेवटच्या ओळीवर. या प्रकरणात कीरेफ नव्हतं. पण रेकॉर्डरेफरन्स दोनदा येऊ नये असा नियम संस्थेने स्वतःच्या स्कीमात घातला होता, आणि त्याची खोच वेगळी होती. दोनदा आलेल्या किल्लीत बोट नेहमी दुसऱ्या जागेकडे जातं. चुकलेली किल्ली पहिलीही असू शकते, आणि पहिली कुठे होती हे व्हॅलिडेटर सांगत नाही. तिथे टीमने स्वतःच किल्ल्यांची वही ठेवली आणि दोन्ही ओळी छापायला सुरुवात केली.

नसलेल्या गोष्टीची जागा

आता जो प्रकार सर्वाधिक त्रास देत होता, तो जरा जवळून पाहू. रेकॉर्डरेफरन्सनंतर ओनिक्सला ‘नोटिफिकेशनटाइप’ हवं असतं. ही नोंद नवी आहे, सुधारित आहे की पुस्तक काढून टाकण्याची, ते त्यातून कळतं. त्यानंतर ‘प्रॉडक्टआयडेंटिफायर’, म्हणजे आयएसबीएन वगैरे. एका प्रकाशकाच्या एक्सपोर्टमधून काही पुस्तकांसाठी नोटिफिकेशनटाइप गळत होतं. नसलेल्या एलिमेंटला ओळ कुठून येणार? व्हॅलिडेटरला चूक कळते ती पुढचं एलिमेंट समोर आल्यावर, आणि मग झर्सेसचा संदेश निघतो तो साधारण असा: ‘प्रॉडक्टआयडेंटिफायरपासून अवैध मजकूर सुरू होतो; इथे नोटिफिकेशनटाइप किंवा अमुक अमुक अपेक्षित.’ वाक्याचा पहिला अर्धा भाग निरपराध आयएसबीएनवर आरोप करतो, आणि कामाची गोष्ट शेपटीत. वाचणाऱ्या बाईंनी आयएसबीएन पुन्हा पुन्हा तपासला, तो बरोबरच होता. मग त्यांनी तो खोडून नव्याने टाइप केला. त्याने चूक जाणार नव्हती आणि गेलीही नाही.

उलट बाजूही आहे. शेवटचं सक्तीचं एलिमेंट राहिलं, तर पुढे कुणीच नसतं. मग चूक पालक एलिमेंटच्या बंद टॅगवर येते आणि संदेश म्हणतो की मजकूर अपुरा आहे. नियम एकच, संदेश दोन आणि जागाही दोन. एक्सएसडीच्या प्रमाणकात या नियमांना क्रमांक आहेत, आणि झर्सेस संदेशाच्या सुरुवातीला तो क्रमांक छापतो. माणसाला तो कचरा वाटतो, पण प्रोग्रामसाठी सोनं आहे: संदेशाचे शब्द आवृत्तीनुसार बदलले तरी क्रमांक टिकतो. टीमने संदेशाच्या शब्दांवर न विसंबता त्या क्रमांकावरून स्वतःची वाक्यं तयार केली.

तिथे आणखी एक प्रश्न आला. अपेक्षित एलिमेंट मुळातच नाही की पुढे कुठेतरी भलत्या जागी आहे? वाचणाऱ्यासाठी हे दोन फार वेगळे निरोप आहेत. एकात माहिती भरायची आहे, दुसऱ्यात माहिती आहे पण एक्सपोर्टचा क्रम बिघडलाय, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्याला फोन. चूक कळते त्या क्षणी पुढचं काही वाचलेलं नसतं, म्हणून उत्तर देता येत नाही. उपाय साधा निघाला: चूक लगेच लिहायचीच नाही. प्रॉडक्ट बंद होईपर्यंत त्यातल्या सगळ्या चुका हातात धरून ठेवायच्या, मग ते एलिमेंट पुढे दिसलं होतं का ते पाहून वाक्य निवडायचं.

या धरून ठेवण्याचे इतरही फायदे झाले. स्वल्पविराम असलेल्या एका किमतीवर झर्सेस दोन संदेश काढतो. पहिला सांगतो की हा आकडा त्या प्रकारात बसत नाही, तो खरा. दुसरा सांगतो की या एलिमेंटच्या आत दुसरं एलिमेंट नसावं आणि किंमत वैध असावी. ते वाचून माणूस नसलेली उपएलिमेंट शोधत बसतो. एकाच जागेवरचे असे जोड संदेश प्रॉडक्टच्या शेवटी एकत्र करता आले. दुसरं असं की एका पालकाखाली क्रमाची एक चूक सापडली की झर्सेस त्याच पालकाखाली पुढच्या क्रमाच्या चुका सांगत नाही. त्यामुळे अशा नोंदीखाली ‘ही दुरुस्त केल्यावर याच भागात आणखी चुका दिसू शकतात’ हे वाक्य जोडलं. ‘रोज नवी चूक काढता’ ही प्रकाशकांची नाराजी त्याने बरीच निवळली.

मार्ग कसा लिहावा

ओळीबरोबर एक्सपाथसारखा मार्ग, म्हणजे मुळापासून एलिमेंटपर्यंतच्या पायऱ्या, द्यावा हे सगळ्यांना पटलं. जुन्या यंत्रणेत तो होता, पण असा: तारांकन, मग चौकोनी कंसात ४१२८, मग पुन्हा तारांकन आणि ९. ओनिक्सची एलिमेंट डिफॉल्ट नेमस्पेसमध्ये (नावं कुठल्या साच्याची ते सांगणाऱ्या पत्त्याखाली) असतात, त्यांना उपसर्ग नसतो. एक्सपाथ १.० मध्ये उपसर्गाशिवाय नाव लिहिलं तर ते नेमस्पेस नसलेलं एलिमेंट शोधतं, म्हणून लिबएक्सएमएल२ अशा ठिकाणी नावच गाळून तारांकन टाकतो. मार्ग अचूक राहतो, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. वर एक गंमत: तारांकनात हेडरही मोजला जातो, त्यामुळे ४१२७वं पुस्तक तिथे ४१२८वं होतं. २०१४ च्या एक्सपाथ ३.० मध्ये नेमस्पेससकट पूर्ण नाव लिहिण्याची सोय आहे. ती यंत्रासाठी उत्तम, पण प्रत्येक पायरीला तो लांबलचक पत्ता माणसाने वाचायचा नाही. टीमने दोन्ही ठेवले: नोंदवहीत पूर्ण मार्ग, ईमेलमध्ये नुसती नावं आणि एकाहून जास्त भावंडं असतील तिथेच क्रमांक.

हा मार्ग प्रवाहात वाचताना कसा मिळवायचा? उघड्या एलिमेंटची चळत ठेवायची, नावागणिक मोजणी ठेवायची. वाचायला सोपं, पण पहिल्या आवृत्तीत प्रत्येक मार्ग एक पायरी मागे येत होता: किमतीच्या चुकलेल्या अॅट्रिब्यूटसाठी किमतीऐवजी तिच्या पालकाचं नाव. कारण चळत व्हॅलिडेटरच्या पुढे बसवली होती. जावाचा व्हॅलिडेटर हँडलर एलिमेंट आलं की आधी तपासतो, चूक असेल तर हाक मारतो, आणि मगच घटना पुढे सोडतो. चूक कळते तेव्हा पुढच्या चळतीला त्या एलिमेंटची वर्दीच मिळालेली नसते. चळत व्हॅलिडेटरच्या आधी बसवली, आणि बंद टॅगच्या वेळी व्हॅलिडेटरचं काम झाल्यावरच वरचं नाव काढलं, की मार्ग जुळले. लोकेटरचं मूल्यही त्याच क्षणी उतरवून घ्यावं लागतं. वस्तू जपून ठेवली आणि आकडे नंतर विचारले, तर ते पुढच्याच कुठल्यातरी जागेचे मिळतात.

मार्गावर मी फार भिस्त ठेवत नाही. प्रकाशकाने एक पुस्तक फाइलमधून काढून ती पुन्हा पाठवली की ४१२७ चं ४१२६ होतं. कालची यादी आणि आजची यादी जुळत नाही. रेकॉर्डरेफरन्स तसाच राहतो. म्हणून यादीच्या डोक्यावर किल्ली, मग शीर्षक, मग चूक, आणि मार्ग-ओळ तळाशी. किल्लीच गळाली असेल तर आयएसबीएन, तोही नसेल तर ‘अमुक किल्लीच्या लगेच नंतरचं पुस्तक’. हा शेवटचा पर्याय वेंधळा वाटतो, पण फॉर्म भरणाऱ्या माणसाला तोच पटकन सापडतो.

छोट्या टॅगांचा फेरा

ओनिक्समध्ये प्रत्येक एलिमेंटला दोन नावं असतात: एक लांब, वाचता येणारं आणि एक छोटं, कोडसारखं. रेकॉर्डरेफरन्सचं छोटं नाव ए००१, नोटिफिकेशनटाइपचं ए००२. काही प्रकाशक छोटी वापरतात. संस्था अशा फाइली एक्सएसएलटी या रूपांतराच्या भाषेने लांब नावांत बदलून मगच तपासत होती, म्हणजे ओळी पुन्हा तिसऱ्याच कुठल्या फाइलच्या. एडिट्यूर दोन्ही रूपांचे स्कीमा देते, त्यामुळे क्रम उलटा केला: आधी मूळ फाइल तिच्याच स्कीमाने तपासायची, नंतर बदलायची. संस्थेचे स्किमॅट्रॉनमधले (तपासणीच्या दुसऱ्या एका भाषेतले) नियम मात्र बदलानंतरच चालणार होते. त्यासाठी मूळ ओळ सोबत न्यायला हवी. अॅट्रिब्यूट जोडावा तर पुढे कुठेही स्कीमा लावला की तो परका अॅट्रिब्यूट म्हणून अडतो. प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शनकडे, म्हणजे फाइलमध्ये प्रोग्रामसाठी ठेवलेल्या सूचनेकडे, एक्सएसडी बघतही नाही, म्हणून प्रत्येक प्रॉडक्टच्या सुरुवातीला एकेक इन्स्ट्रक्शन टाकून त्यात मूळ ओळ ठेवली. प्रत्येक एलिमेंटसाठी हे करण्याची गरज वाटली नाही. पुस्तक सापडलं की चौकट सापडते.

कॉलम नावाचा सापळा

एकओळी फाइलींसाठी कॉलम हाच एकमेव आकडा. तो कशात मोजला आहे हे विचारल्याशिवाय वापरू नये. सॅक्समध्ये पहिला कॉलम एक असतो, एक्सपॅट या दुसऱ्या पार्सरमध्ये शून्य. झर्सेस यूटीएफ-१६ चे (अक्षरं साठवण्याच्या एका पद्धतीचे) घटक मोजतो, काही साधनं बाइट मोजतात. शीर्षकात ‘क्षितिज’ असेल तर वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात, युनिकोडच्या हिशेबाने सात चिन्हं असतात, आणि यूटीएफ-८ मध्ये एकवीस बाइट. लांबलचक ओळीत मराठी मजकूर भरपूर असला की एका हिशेबाचा आकडा दुसऱ्या हिशेबाच्या एडिटरमध्ये टाकून माणूस भलत्याच पुस्तकात पोचतो.

ओळींनाही हा रोग आहे. ओळ संपल्याची खूण म्हणून फाइलींत सीआर आणि एलएफ ही अदृश्य चिन्हं असतात. एक्सएमएल १.० चा पार्सर सीआर-एलएफ जोडी आणि एकटा सीआर दोन्ही एकच नवी ओळ मानतो. पण युनिकोडचं ओळ-विभाजक चिन्ह, यू+२०२८, त्याच्या लेखी साधं अक्षर आहे. पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमधून उचललेल्या जाहिरातीत ते लपून येतं, आणि काही एडिटर तिथे नवी ओळ मोजतात. एका फाइलमध्ये एडिटरच्या ओळी खाली जावं तशा पुढे सरकत होत्या, त्याचं कारण हे निघालं.

यावर टीमने आकडा सुधारण्याच्या नादी न लागता चुकीच्या आसपासचा मूळ मजकूरच यादीत छापला, मागचा-पुढचा थोडासा तुकडा. तो शोधाच्या चौकटीत चिकटवला की कुठल्याही एडिटरमध्ये जागा सापडते. कॉलम आता फक्त एकओळी फाइलींसाठी छापतात, आणि तोही ‘सुमारे’ हा शब्द लावून.

टॅगच जुळत नसतील तेव्हा

फाइल एक्सएमएल म्हणूनच वाचता येत नसेल तर वर सांगितलेलं सगळं थांबतं. अशा चुकीनंतर पार्सरने नेहमीसारखं काम चालू ठेवायचं नाही, असं प्रमाणकच सांगतं. सुटा अँपरसँड (&) असेल तर जागा बिनचूक मिळते. बंद न केलेला टॅग मात्र कितीतरी पुढे, पालक बंद होताना उघडा पडतो. लिबएक्सएमएल२ इथे उघडलेल्या टॅगची ओळही देतो, झर्सेस देत नाही. चळत हाताशी होतीच, म्हणून मोडलेल्या फाइलीच्या ईमेलमध्ये त्या क्षणी उघडे असलेले सगळे टॅग आणि त्यांच्या सुरुवातीच्या ओळी छापल्या. अर्धवट अपलोड झालेली फाइल तर त्यावरून लगेच ओळखू येते.

सध्याची एक नोंद अशी दिसते:

पुस्तक: केटी-२०८८१
काय: दुसऱ्या किमतीत स्वल्पविराम आहे. ‘१,२५०.००’ ऐवजी ‘१२५०.००’ हवं.
मजकूर: …टाइप ०२, रक्कम १,२५०.००, चलन…
जागा: प्रॉडक्ट › प्रॉडक्टसप्लाय › सप्लायडिटेल › प्राइस (२) › प्राइसअमाउंट
तुमच्या फाइलमध्ये: ओळ २१४९०६

(आकडे इथे लेखासाठी देवनागरीत आहेत. खऱ्या फाइलमध्ये असे आले तर एक्सएसडीचा दशांश प्रकार तेही नाकारतो, आणि अशी एक नोंद येऊन गेली आहे.)

एक प्रकार यात बसत नव्हता. ओनिक्सच्या कोडयाद्या वर्षातून चार वेळा नव्या अंकात निघतात, आणि कोड स्कीमातच असतात. प्रकाशकाने ताज्या अंकातला कोड वापरला आणि संस्थेचा स्कीमा मागच्या अंकाचा असला, तर किल्ली, मार्ग, ओळ सगळं अचूक दाखवूनही यादी चुकीच्या माणसाकडे जाते. म्हणून ‘हा कोड यादीत नाही’ या जातीच्या चुका आता आधी संस्थेच्याच टेबलावर येतात, आणि प्रकाशकाला जाणाऱ्या प्रत्येक ईमेलवर तपासणी कोडयादीच्या कितव्या अंकाने केली तो क्रमांक असतो.